चष्म्याने नंबर वाढतो म्हणे, काय भो!

फॅमिली ग्रुपवर नानांनी परवा परत तोच फॉरवर्ड टाकला, 'लहान मुलांना चष्मा लावू नका, डोळे आळशी होतात न नंबर वाढतो, त्राटक करा, 21 दिवसांत चष्मा सुटेल', आणि खाली 'जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन 8 वर्षांनंतर केलं तर पैसे पाण्यात, मेंदू आंधळाच राहतो'. नानांवर राग नाही, पण माझ्या चोपड्याच्या बहिणीने हे वाचून पोराचा चष्मा दोन महिने कपाटात ठेवला, आणि भाचा स्टँडवर पाटी वाचायला पार एसटीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. म्हणून लिहितोय.

चष्म्याने नंबर वाढतो? मायनस नंबरात बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर, त्यात एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर. पोरगं वाढतं तशी ही लांबी वाढते, दरवर्षी चप्पल लहान होते म्हणून चपलेने पाय वाढला असं कोणी म्हणतं का? मलेशियात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन दोन वर्षं बघितलं, 2002 ला छापून आलंय, बरोबर चष्मेवाल्यांचा नंबर 0.77 ने वाढला, कमीवाल्यांचा 1.00 ने. उलटंच की!

त्राटकाने मन शांत होत असेल, करा बापडे, पण लांबलेला गोळा आखडत नाही. 21 दिवस कुठून आले देव जाणे. बाहेर खेळणं मात्र कामाचं, चीनच्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं, तीन वर्षांत 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकी शाळांत 39.5 टक्के. ऊन आपल्याकडे काय कमी आहे? मे महिन्यात पोरांना सकाळ-संध्याकाळ बाहेर सोडा, निंबाच्या सावलीतही घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. लागलेला नंबर याने उतरत नाही, तेही सांगतो.

आता मोतीबिंदूचं. लाइट गेल्यावर टोपलीत हात घालून भरताचं वांगं कोणतं न लिंबू कोणतं हे तुम्ही ओळखता, कारण डोळा न हात जन्मभर सोबत शिकलेत. जन्मापासून न दिसणाऱ्याला अचानक दिसायला लागलं तर हाताने ओळखीची वस्तू नजरेने ओळखेल का, हा प्रश्न आयर्लंडच्या मोलिन्यू नावाच्या विचारवंताने 1688 ला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून विचारला होता. उत्तर आपल्याच देशातल्या मुलांनी दिलं. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये, म्हणजे जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांची ऑपरेशनं करून त्यांची नजर कशी शिकते हे बघणाऱ्या उपक्रमात, ऑपरेशन झालेली 8 ते 17 वर्षांची पाच मुलं, ठोकळा आधी फक्त हाताने चाचपायचा, मग दोनातून नजरेने ओळखायचा. ऑपरेशननंतर लगेच बरोबर उत्तरं 58 टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जरा बरं. पण त्यातल्या काहींची थोड्या दिवसांनी परत टेस्ट घेतली तर चांगलीच सुधारणा, वेगळं कोणी शिकवलं नव्हतं. मेंदू आंधळाच राहतो म्हणे!

हां, उशीर झाला की नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, हे खरं. पण त्यावरून 'आता करूच नका' कसं निघतं? बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या, आणि पोरगं दहा वर्षांचं झालं असेल तरी न्या.