तो फॉरवर्ड, केन नॉर्टन आणि अलीचं तिसरं जगज्जेतेपद

बॉक्सिंगमध्ये एकाच वजनगटाचे चार-चार जगज्जेते कुठून आले, हे सांगणारा एक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. दोनदा माझ्याकडे आला, दोनदा मी सोडून दिला. तिसऱ्यांदा तो भाच्यानं पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, म्हणजे मुहम्मद अली दोनदाच चॅम्पियन झाला होता?" भाचा चौदा वर्षांचा आहे, दीड वर्ष ग्लोव्ह्ज घालतो आहे आणि हा मेसेज त्याला त्याच्या कोचनं पाठवला होता. आता गप्प बसणं जमेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. १९६३ पर्यंत प्रत्येक वजनगटात जगात एकच जगज्जेता असायचा. मग मेक्सिकोनं वेगळी चूल मांडली आणि सगळं नासलं. खरा बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदाचा पट्टा, रिंगमध्ये हरल्याशिवाय जात नाही. १९७८ मध्ये खरा हेवीवेट जगज्जेता केन नॉर्टन होता, त्यामुळे अलीचं तिसरं विजेतेपद बनावट. आजचे बेल्ट पैसे भरून मिळतात. आणि ज्याच्याकडे चारही संघटनांचे बेल्ट असतील तोच जगज्जेता, बाकी सगळे डमी.

आधी १९६३ पूर्वीचं ते सुवर्णयुग बघू. १९५० चा उन्हाळा घ्या. जो लुईसनं आदल्या वर्षी निवृत्ती जाहीर केल्यावर रिकाम्या गादीसाठी एझर्ड चार्ल्सनं जर्सी जो वॉलकॉटला हरवलं होतं. अमेरिकेच्या नॅशनल बॉक्सिंग असोसिएशननं चार्ल्सला जगज्जेता मानलं. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅथलेटिक कमिशननं मानलं नाही. जूनमध्ये लंडनला ली सॅव्होल्डनं ब्रूस वुडकॉकला हरवलं, तर ब्रिटनच्या बॉक्सिंग बोर्डानं सॅव्होल्डलाच जगज्जेता म्हणून टाकलं. म्हणजे हेवीवेटचा जगज्जेता कोण, हे तुम्ही कुठल्या गावात उभं राहून विचारता त्यावर ठरायचं! सप्टेंबरमध्ये परतून आलेल्या लुईसला चार्ल्सनं हरवलं, तेव्हा कुठे न्यूयॉर्कवाले नमले. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, मॅक्स श्मेलिंगनं जॅक शार्कीशी पुन्हा लढायला टाळाटाळ केली म्हणून न्यूयॉर्कनं त्याची मान्यता काढली होती, आणि नॅशनल असोसिएशन मात्र त्याला जगज्जेता म्हणतच राहिली. भांडण जुनंच आहे. ही नॅशनल असोसिएशन १९२१ ची. १९६२ मध्ये तिनंच नाव बदलून वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूबीए, असं केलं. पुढच्या वर्षी मेक्सिको सिटीत वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, म्हणजे डब्ल्यूबीसी, स्थापन झाली, पण तिच्या स्थापनेत अकरा देश होते आणि त्यात अमेरिका आणि ब्रिटनही होते. पुढाकार मेक्सिकोचा होता, हे खरं. चूल मात्र एकट्यानं मांडली नव्हती.

आता नॉर्टन. मेसेजमधला हा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं, कारण यात अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती वापरून उरलेली अर्धी खोटी खपवली आहे.

१५ फेब्रुवारी १९७८. लास वेगासमध्ये छत्तीस वर्षांच्या अलीला लिऑन स्पिंक्सनं पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. स्पिंक्सची व्यावसायिक कारकिर्दीतली ही जेमतेम आठवी लढत. त्या रात्री डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी, दोन्ही बेल्ट त्याचे झाले. डब्ल्यूबीसीचं म्हणणं होतं की पुढची लढत त्यानं पहिल्या क्रमांकाच्या आव्हानवीराशी, म्हणजे नॉर्टनशी, लढावी. स्पिंक्सला अलीशी परत लढायचं होतं. त्यात पैसा किती पटींनी जास्त होता हे सांगायला नको. मार्चमध्ये डब्ल्यूबीसीनं त्याची मान्यता काढली. म्हणजे बेल्ट मिळून महिना उलटतो न उलटतो तोच तो गेला, एकही ठोसा न खाता.

मग तो नॉर्टनला कसा मिळाला? रिकाम्या बेल्टसाठी लढत झाली का? नाही. आदल्या नोव्हेंबरात नॉर्टननं जिमी यंगला पंधरा फेऱ्यांत हरवलं होतं, तेही पंचांच्या दुभंगलेल्या निकालानं. ती लढत पुढचा आव्हानवीर ठरवण्यासाठी होती. डब्ल्यूबीसीनं ठरवलं की तीच लढत आता जगज्जेतेपदाची समजायची, मागल्या तारखेपासून. नॉर्टन घरी बसल्या जागी जगज्जेता झाला. हा माणूस जगज्जेतेपदासाठी आयुष्यात तीनदा रिंगमध्ये उतरला. १९७४ ला कराकसमध्ये जॉर्ज फोरमननं त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं, १९७६ ला यँकी स्टेडियममध्ये तो अलीकडून हरला आणि १९७८ ला लॅरी होम्सकडून. जगज्जेतेपदाची एकही लढत न जिंकलेला जगज्जेता. यात नॉर्टनची चूक काडीची नाही. १९७३ मध्ये त्यानं अलीचा जबडा मोडला होता, आणि १९७६ चा निकाल त्याच्या बाजूनं जायला हवा होता असं मानणारे खूप आहेत. त्यात मीही आहे. पण पत्रक काढून मिळालेल्या बेल्टच्या जोरावर अलीचं विजेतेपद बनावट ठरवायचं?

अलीनं काय केलं ते बघा. १५ सप्टेंबर १९७८ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, ज्यानं त्याला हरवलं होतं त्याच माणसाला पंधरा फेऱ्यांत स्वच्छ हरवलं. तिन्ही पंचांचा कौल अलीलाच. डब्ल्यूबीएचा बेल्ट त्या लढतीत होताच. पण बेल्ट बाजूला ठेवला तरी, राजाला हरवणारा राजा हा जो साधा हिशोब आहे, ज्याला बॉक्सिंगवाले लिनियल चॅम्पियन म्हणतात, त्यातही तो फिट बसतो. तिसरं विजेतेपद पक्कं आहे. गंमत म्हणजे मेसेज स्वतःच सांगतो की बेल्ट रिंगमध्येच जातो, आणि लगेच पुढच्या ओळीत ज्याला तो टेबलावर मिळाला त्याला खरा जगज्जेता म्हणतो. लिहिणाऱ्यानं आपलाच मेसेज एकदा वाचून बघायला हवा होता.

रिंगबाहेर बेल्ट जात नाही म्हणणाऱ्यांनी ग्राझियानो रोकिजानीचा खटला वाचावा. मला तरी याहून भक्कम पुरावा माहीत नाही, कारण इथे चाहत्यांचा वाद नाही, न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाचा निकाल आहे. मार्च १९९८ मध्ये बर्लिनला या जर्मन बॉक्सरनं मायकेल ननला हरवून डब्ल्यूबीसीचा लाइट हेवीवेट बेल्ट जिंकला. रॉय जोन्सनं ते विजेतेपद सोडल्यामुळे ते रिकामं होतं. रोकिजानीला बेल्ट मिळाला, मानांकनाच्या यादीत जगज्जेता म्हणून नाव लागलं. काही महिन्यांत यादीत तो हंगामी झाला आणि जोन्स पुन्हा जगज्जेता. डब्ल्यूबीसीचं स्पष्टीकरण काय, तर आधीच्या यादीत छपाईची चूक झाली होती. छपाईची चूक! रोकिजानी कोर्टात गेला आणि तीन कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा निकाल मिळवला. डब्ल्यूबीसीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. २००४ मध्ये शेवटी तडजोड झाली, म्हणून संघटना टिकली.

यावरून बेल्ट म्हणजे काय ते कळतं. एका संघटनेचं मत, तिच्या नियमांनी बांधलेलं आणि तिला वाटेल तेव्हा बदलणारं. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं माइक टायसनला जगासमोर आडवा केला, तरी प्रमोटर डॉन किंगच्या तक्रारीवरून डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी निकाल अडवून बसल्या. तिसरी संघटना आयबीएफ, म्हणजे इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन, हिनं डग्लसला मान्यता दिली, चहूकडून शिव्या पडल्या, तेव्हा दोघी काही दिवसांत वठणीवर आल्या.

पैशांचा मुद्दा. नाइलाजानं मान्य करते, इथे मेसेज पूर्ण चुकलेला नाही. जगज्जेतेपदाच्या लढतीत बॉक्सरच्या मानधनातून संघटना साधारण तीन टक्के कापून घेते. जितके बेल्ट तितक्या लढती आणि तितकी फी, त्यामुळे सुपर, रेग्युलर, इंटरिम अशा नावांच्या जगज्जेत्यांची पिलावळ वाढत गेली. डब्ल्यूबीएनं तर एकाच वजनगटात आपलेच दोन-तीन जगज्जेते बसवले होते. मानांकनाचा बाजारही झाला आहे. १९९५ ला फोरमन आणि अ‍ॅक्सेल शुल्त्झच्या लढतीला मान्यता मिळावी म्हणून आपण एक लाख डॉलर दिले, असं प्रमोटर बॉब अ‍ॅरमनं कबूल केलं. आयबीएफचा संस्थापक बॉब ली बहुतेक आरोपांतून सुटला, पण मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत दोषी ठरला आणि त्याला २२ महिन्यांची शिक्षा झाली. चौथी संघटना डब्ल्यूबीओ, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन, हिनं २००१ मध्ये डॅरिन मॉरिस नावाच्या बॉक्सरला मानांकनात वर चढवलं. तो आधीच वारला होता. तेव्हा रांगेत पुढे घुसवण्यासाठी पैसे चालले आहेत, हे खरं. पण रांगेत पुढे आलेल्यालाही समोरच्याचे ठोसे खावेच लागतात. चौदा वर्षांच्या पोराला "बेल्ट विकत मिळतो" एवढंच सांगितलं की तो समजतो लढतीच नाटकी आहेत, आणि उद्या सराव कशाला करायचा म्हणून विचारतो. कोचनं तरी हे पुढे पाठवताना विचार करायचा.

चार बेल्टच्या मुद्द्यात फारसा दम नाही. आयबीएफ १९८३ ची, डब्ल्यूबीओ १९८८ ची. चारही बेल्ट एका वेळी बाळगणारा पहिला बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्स, तोही २००४ मध्ये. मग त्याआधीचे सगळे डमी? टायसनकडे १९८७ मध्ये तीन होते, कारण चौथा अजून जन्मलाच नव्हता. आणि ओलेक्सांद्र उसिकनं १८ मे २०२४ ला टायसन फ्युरीला हरवून चारही मिळवले, तर पुढच्याच महिन्यात आयबीएफचा सोडावा लागला, कारण ठरलेल्या आव्हानवीराऐवजी त्याला फ्युरीशीच पुन्हा लढायचं होतं. स्पिंक्सचीच गोष्ट, शेहेचाळीस वर्षांनी. मेसेजच्या हिशोबानं जूनमध्ये उसिक डमी झाला असणार. डिसेंबरमध्ये त्या डमीनं फ्युरीला पुन्हा हरवलं.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि नेमकी दुखरी जागा पकडली. "मग मावशी, नॉर्टनला हरवणारा होम्स? त्याचा बेल्ट पण कागदीच ना?"

त्याला म्हटलं, आधी ९ जून १९७८ च्या लढतीची पंधरावी फेरी बघ. दोघांच्या अंगात उभं राहायचं त्राण नाही, आणि दोघंही मागे हटत नाहीत. ती संपली तेव्हा दोन पंचांकडे होम्स १४३-१४२ नं पुढे, तिसऱ्याकडे तेवढ्याच फरकानं नॉर्टन. एका गुणाचा बेल्ट. आणि भाच्याच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर २ ऑक्टोबर १९८० ला मिळालं. निवृत्तीतून परतलेला अली त्या रात्री होम्ससमोर दहा फेऱ्या नुसता मार खात राहिला, आणि अकरावीसाठी त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीनं त्याला स्टुलावरून उठूच दिलं नाही. ही दुसरी लढत मी भाच्याला अजून दाखवलेली नाही.