तुमच्या आईंच्या पंपाबद्दल

नमस्कार.

अन्ननलिकेतल्या बुरशीवरच्या माझ्या लेखाखाली तुमचे तीन आक्षेप आहेत: मी साध्या पित्ताला मोठं नाव देऊन घाबरवते, ही बुरशी फक्त एचआयव्ही असलेल्यांना होते, आणि लेख वाचून तुमच्या आईंनी दम्याचा पंप बंद केला.

तिसरा आधी घेते, कारण तिथे चूक माझीच. ‘स्टिरॉइडच्या पंपामुळे होऊ शकते’ एवढं लिहून मी पुढे गेले, पंप सोडू नका हे लिहायचं राहिलंच. आज दुरुस्त केलंय. आईंच्या डॉक्टरांना आजच फोन करा. दम्याचा झटका या बुरशीपेक्षा कितीतरी वाईट.

एचआयव्हीचं म्हणणं अर्धं खरं. प्रतिकारशक्ती ढासळली की ही बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, अन्ननलिकेपर्यंत उतरते. पण मधुमेह, लागोपाठ घेतलेली अँटिबायोटिक्स आणि स्टिरॉइडचा पंप, यांनीही तिला वाट मिळते. माझी एचआयव्ही तपासणी झाली, ती निगेटिव्ह होती. डॉक्टरांनी विचारलं, “पंप घेतल्यावर चूळ भरता का?” मी गप्प. चूळ भरली नाही तर पंपातलं स्टिरॉइड तोंडात-घशात राहतं.

आणि पित्त! अहो, मीही महिनाभर पित्ताच्याच गोळ्या खाल्ल्या. पण जळजळीपेक्षा गिळताना दुखायचं जास्त. चहाचा घोट कुठवर पोचलाय ते छातीवर बोट ठेवून सांगता यायचं. भाकरी सोडली, मऊ भातही टोचायला लागला. तोंडात पांढरं काही नव्हतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. तोंड साफ असलं तरी खाली बुरशी असू शकते, हे तेव्हा कळलं. शेवटी एन्डोस्कोपीत दिसली: पातेल्याला साय धरावी तसे पांढरे चट्टे, पाणी मारूनही न सुटणारे. त्यांचा तुकडा तपासायला गेला. मग फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी, रोज, तीन आठवडे. (मेडिकलमधून परस्पर आणू नका, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशी तिचं अजिबात जमत नाही.)

नुसती जळजळ असेल तर बहुतेकदा पित्तच, हे तुमचं मला मान्य आहे.

आईंना पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घेता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा. आणि पंप ब्रशशेजारी ठेवा. मी आता आधी पंप घेते, मग दात घासते. चूळ आपोआप भरली जाते.