टेबलं साध्या मार्कडाउनमध्ये का नाहीत: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत, पण कारण स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमची तक्रार अशी की पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल करताना आम्ही टेबलं उभ्या रेघांच्या साध्या मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी सांगायची पद्धत) न लिहिता डॅशच्या लांबलचक याद्यांत लिहिली, त्यामुळे फाइल उघडल्यावर तुमच्या माणसांना टेबल दिसतच नाही, आणि हे सगळं बिल वाढवायला केलं.

बिलाचं आधी सांगतो. रेट पानावर ठरला होता. टेबल कसंही लिहिलं तरी त्यात फरक पडत नाही, कोटेशन तुमच्याकडे आहेच.

टेबलांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात टेबल नव्हतंच. हवं तर एचटीएमएल (वेबपानांची भाषा) लिहायचं. उभ्या रेघांची पद्धत नंतर जोडली गेली आणि ती छोट्या टेबलांपुरतीच सोयीची आहे. कीबोर्ड शॉर्टकट आणि एरर कोडची टेबलं आम्ही त्याच पद्धतीने दिली आहेत, जरूर बघा.

सेटिंग्जच्या टेबलाची गोष्ट वेगळी. तिथे चार कॉलम आहेत: नाव, व्हॅल्यू, डीफॉल्ट, तपशील. एसएमएसच्या ओळीत तुमच्या डेव्हलपरने व्हॅल्यू दिल्या आहेत 'चालू|बंद|विचारून'. मार्कडाउनच्या टेबलात ही उभी रेघ म्हणजे नवा रकाना. कोड म्हणून लिहिली तरीही, आधी बॅकस्लॅश (\) नसेल तर ती रकाना तोडतेच. बॅकस्लॅश विसरला की चाराचे सहा रकाने होतात आणि हेडिंगपेक्षा जास्तीचे गाळले जातात. मग डीफॉल्टच्या जागी 'बंद' छापलं जातं, तपशिलाच्या जागी 'विचारून', आणि खरा डीफॉल्ट नि खरा तपशील पानावरून गायब. एररही येत नाही. पतसंस्थेचा क्लार्क तेच वाचून सेटिंग करणार, याची आम्हाला खरी काळजी वाटते.

आम्ही वापरलेल्या लिस्ट-टेबलमध्ये, म्हणजे त्या डॅशच्या याद्यांत, एखाद्या ओळीत रकाना कमी-जास्त झाला तर स्फिंक्स (या फाइलींवरून मॅन्युअलची पानं तयार करणारं सॉफ्टवेअर) तिथेच एरर देतं आणि कितव्या ओळीत गडबड आहे तेही सांगतं. शिवाय तपशिलात तुम्हाला पायऱ्यांची यादी हवी होती. मार्कडाउनच्या रकान्यात यादी बसतच नाही.

'निदान रेघा आखून चौकटीचं टेबल तरी द्यायचं' असंही तुम्ही लिहिलंय. इंग्रजी मजकुराला ते चालतं. मराठीत 'श्री' डोळ्याला एक अक्षर दिसतं, फाइलमध्ये ते चार कॅरेक्टर असतात. पडद्यावर रेघा जुळवायला गेलं की मोजणीत चुकतात. आणि एका रकान्यातला मजकूर वाढला की अख्खं टेबल पुन्हा आखावं लागतं. गिटच्या डिफमध्ये (फाइलमधले बदल ओळीओळीने दाखवणाऱ्या यादीत) सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात, नेमका कुठला शब्द बदलला ते शोधत बसावं लागतं. लिस्ट-टेबलमध्ये तेवढीच ओळ बदलते. पुढच्या वर्षी हे मॅन्युअल तुमच्याकडची नवीन व्यक्ती सांभाळेल. तिच्यासाठी आम्ही ही पद्धत निवडली.

व्याजदराच्या टेबलाला मार्कअपमध्ये (मांडणीच्या खुणांमध्ये) हात लावायची गरजच नाही. ते सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमधून) येतं, एक्सेलमध्ये दर बदलले की झालं. फक्त सेव्ह करताना यूटीएफ-८ वाला सीएसव्ही निवडायला सांगा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

फाइलमध्ये टेबल दिसत नाही, ही तुमच्या टीमची अडचण खरी आहे. त्यासाठी त्यांच्या मशीनवर स्फिंक्स-ऑटोबिल्ड लावून देतो. फाइल सेव्ह केली की शेजारी ब्राउझरमध्ये तयार टेबल दिसेल. याचा वेगळा चार्ज नाही. या आठवड्यात कधी जमेल ते ऑफिसला फोन करून कळवा, आमची व्यक्ती येऊन दाखवून जाईल.

एवढं सगळं बघूनही सेटिंग्जचं टेबल उभ्या रेघांतच हवं असेल तर मॅन्युअल तुमचं आहे, करून देऊ. मात्र व्हॅल्यूंच्या मधल्या रेघा काढून तिथे स्वल्पविराम टाकायला तुमच्या डेव्हलपरची संमती लागेल, आणि पायऱ्या टेबलाखाली वेगळ्या घ्याव्या लागतील.