मोठा फिल्टर लावला तरी खाऱ्या टाकीचं पाणी बदलावंच लागतं

दोन फुटी खाऱ्या टाकीची, म्हणजे समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, चौकशी केली की हा सल्ला हमखास मिळतो, आणि व्हॉट्सॲपवर तो असा फिरतो : "टाकीच्या दुप्पट क्षमतेचा कॅनिस्टर घ्या, त्यात सिरॅमिक रिंगा ठासून भरा, जोडीला स्किमर लावा. सहा महिने पाणी बदलायला नको." कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, सिरॅमिक रिंगा म्हणजे त्यात भरायचे सच्छिद्र तुकडे, आणि स्किमर म्हणजे बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारं यंत्र. हा सल्ला पाळून मासे मरतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

"रिंगा जास्त तितकं पाणी स्वच्छ." माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो, तो पचवणाऱ्या बॅक्टेरियांना राहायला जागा लागते हे खरं. पण त्यांची संख्या ठरते ती अमोनिया किती मिळतो त्यावर. दोन क्लाउनफिश आणि एक गोबी जेवढा अमोनिया सोडतात, तेवढा पाच-सहा किलो सच्छिद्र दगडावरचे बॅक्टेरिया सहज पचवतात. वर दोन किलो रिंगा घातल्या म्हणून त्यांचं खाद्य वाढत नाही. शिवाय अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट झालं की रिंगांचं काम संपतं. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे थोड्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. उरलेलं पाण्यात साठतं.

हिशेब करून पाहा. समजा आठवड्याला २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) नायट्रेट साठतं. पाणी बदललंच नाही तर सहा महिन्यांत ते ५० च्या वर जाईल. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर २० च्या आसपास स्थिरावेल, वीस टक्के बदललं तर १० च्या. फिल्टरचा आकार या हिशेबात कुठेच येत नाही.

"स्किमरशिवाय खारी टाकी चालत नाही." मोठ्या टाकीत स्किमर फार कामाचा, यात वाद नाही. बारीक बुडबुड्यांना चिकटणारी सेंद्रिय घाण तो सडण्याआधीच बाहेर काढतो. मात्र एकदा तयार झालेला अमोनिया किंवा नायट्रेट तो काढत नाही. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ ५६ लिटरची असते. दगड-वाळू टाकून वर थोडी जागा सोडली की पाणी जेमतेम ४५ लिटर उरतं. एवढ्या पाण्यासाठी मिळणारे छोटे स्किमर लहरी असतात. पाण्याची पातळी सेंटिमीटरभर हलली, दगड चिकटवायला इपॉक्सी वापरलं, की कप भरून वाहतो. एक लिटर खारं पाणी असं गेलं आणि तुम्ही ते बाष्पीभवन समजून गोड्या पाण्याने भरलं, तर खारटपणा (हजार भाग पाण्यात किती भाग क्षार) ३५ वरून ३४ च्या जवळ येतो. मासे मोजके आणि पाणी दर आठवड्याला बदलणार असाल, तर स्किमरचे पैसे रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) आणि चांगल्या टेस्ट किटवर घाला.

"कॅनिस्टर उघडावा लागत नाही." धोका सगळ्यात जास्त इथेच आहे. बंद डब्यात अडकलेलं अन्न आणि विष्ठा तिथेच कुजते, आणि पाणी सतत तिच्यातून फिरत राहतं. वीज गेली की प्रवाह थांबतो, आतले बॅक्टेरिया डब्यातला ऑक्सिजन संपवतात. दोन-तीन तासांनी वीज येते तेव्हा डब्यातलं सडकं पाणी थेट टाकीत येतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजा की हेच झालंय. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवा, आणि सुरू करण्याआधी आतलं पाणी मोरीत ओता.

मग लावायचं काय? काचेवर टांगायचा साधा हँग-ऑन फिल्टर, तासाला ४०० ते ५०० लिटरचा. त्यात फिल्टरचा कापूस आणि जाळीच्या पिशवीत मूठभर कार्बन. कापूस दर तीन-चार दिवसांनी बदला, कार्बन महिन्याने. समोरच्या कोपऱ्यात छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा बुडता पंप), तोंड किंचित वर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलता राहतो आणि ऑक्सिजन मिसळतो. जैविक काम दगड करतील. मात्र दगड मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणू नका. तो दगडी प्रवाळ असू शकतो, आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे संरक्षित यादीत, आहे. कोरडा सच्छिद्र दगड घ्या आणि मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे टाकी नुसती चालवा. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पहिला मासा.

पाणी आठवड्याला पाच लिटर बदला. त्यासाठी १८०-१९० ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं. साधं मीठ चालत नाही. रात्रभर पंपाने ढवळा, सकाळी घनता १.०२५ आहे का पाहा. घरच्या आरओचं पाणी वापरण्याआधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. चव येण्यासाठी बऱ्याच मशीनमध्ये थोडं नळाचं पाणी मिसळतात, मग आकडा ५० च्या वर दाखवतो. ते मिसळणं बंद करून घ्या.

कॅनिस्टर आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका. स्पंज दर पंधरा दिवसांनी टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. जैविक काम दगड करत असल्याने रिंगा काढायच्या असतील तर एकदम काढू नका : आठवड्याला पाव हिस्सा काढा, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया तपासा, शून्य असेल तरच पुढचा पाव काढा.