‘देव्हारा’ म्हणणाऱ्या वाचकास

‘घोडबंदरवासी’ यांस,

गांधींच्या डॉक्टर आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण चार ओळी टाकल्यात. आपलं म्हणणं असं, की लेख म्हणजे देव्हारा आहे. गांधींजवळ राहिल्याचं बक्षीस म्हणून बाईंना खासदारकी मिळाली. लूपच्या, म्हणजे मूल होऊ नये म्हणून गर्भाशयात बसवायच्या साधनाच्या, मोहिमेत बायकांचे हाल झाले त्यावर मी गप्प बसलो. आणि डॉक्टरने संसदेत जाणं म्हणजे पेशंट सोडून पळणं. वर ‘अभ्यास वाढवा’. टीकेबद्दल आभार, सल्ला परत घेऊन जा. स्वतःचं नाव लिहायचं नाही आणि दुसऱ्याचा अभ्यास काढायचा, ही कुठली रीत? ठाण्यात आम्ही समोरासमोर भांडतो.

लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, हे मान्य.

पण बक्षिसाचं जे लिहिलंत ते झोंबलं. गांधींजवळ राहून या बाईंना काय मिळालं ते बघा. दिल्लीच्या लेडी हार्डिंगमधून डॉक्टर होऊन ही पंजाबी मुलगी सेवाग्रामला आली, तोच वर्ध्यात कॉलरा. ती साथ तिने जवळजवळ एकटीने निभावली. पुढे एम. डी. केलं आणि 1942 मध्ये तुरुंग. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आधी गांधींचे सचिव महादेवभाई देसाई गेले, मग फेब्रुवारी 1944 मध्ये कस्तुरबा. दोन्ही वेळा सुशीलाबाई तिथेच होत्या, डॉक्टर म्हणूनही आणि कैदी म्हणूनही. असलं बक्षीस आपण घ्याल?

गांधी गेले 1948 मध्ये. त्यानंतर बाई दिल्लीत खुर्ची शोधत बसल्या नाहीत, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेल्या. परत येऊन फरिदाबादला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं. मग 1952 मध्ये दिल्लीची विधानसभा, तिथे आरोग्यमंत्रीपद आणि अध्यक्षपद. झाशीतून लोकसभेवर गेल्या त्या 1957 मध्ये, म्हणजे गांधींना जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. पुन्हा 1962, पुन्हा 1967, आणि 1977 मध्ये काँग्रेसच्या विरोधात उभं राहून. बुंदेलखंडातला मतदार इतकी वर्षं काय फक्त जुने फोटो बघून शिक्के मारत होता?

ओळखीवर मतं मिळत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको. कोपरीत माझा दवाखाना होता. साथीच्या दिवसांत मध्यरात्री शटर वर केलंय, उधारीवर औषधं दिलीत. त्या भरवशावर एकदा नगरसेवकपदासाठी अपक्ष उभा राहिलो. ज्यांना मी सलाइन लावली त्यांनीही मला मत दिलं नाही. डिपॉझिट गेलं. (एका पक्षाने तिकिटाचा शब्द देऊन ऐनवेळी फिरवला, ते जाऊ द्या.) तेव्हा निवडणूक कशी जिंकतात हे निदान मला तरी सांगू नका. काँग्रेसचं तिकीट असणं वेगळं, असं कोणी म्हणेलच. म्हणू दे.

पेशंट सोडून पळण्याबद्दल एवढंच, की सेवाग्रामचा बाईंचा 1944 मधला छोटा दवाखाना कस्तुरबा रुग्णालय झाला आणि 1969 मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. बाई तेव्हा खासदार होत्या. तिथल्या प्रत्येक तुकडीला एक खेडं दत्तक घ्यावं लागतं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून ते दिसायचं नाही, वर्ध्याची गाडी पकडावी लागेल.

राहता राहिली लूप. मोहीम 1965 मध्ये सुरू झाली तेव्हा त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या, हे मी लपवलेलं नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शांतिलाल शाह समिती त्यांच्याच काळात, 1964 मध्ये नेमली गेली आणि 1971 चा गर्भपाताचा कायदा तिच्या शिफारशींवरून आला, तेही तेव्हाच लिहीन. कधी, ते मी ठरवीन. तोवर तुम्ही दुसरं काही वाचलंत तरी माझी हरकत नाही.