सेल्फ फिरतो, गाडी धरत नाही. म्हणून पंप गेला असं नव्हे

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या जुन्या ट्रकांबद्दलचा एक सल्ला मोबाइलवर फिरायला लागतो. मथितार्थ असा: पावसाळाभर उभी गाडी सेल्फ मारूनही धरत नसेल तर डिझेल पंप गेला. खात्री करायची तर एअर क्लीनर काढून पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरा; गाडी भडकली, म्हणजे क्षणभर चालू झाली, तर दोष पंपाचाच. मग नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांचे) नट ढिले करून सेल्फ मारत राहा, टाकीत थोडं रॉकेल घाला, आणि तरीही नाही झालं तर पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे पंपवाल्याकडे तपासून जुळवायला, पाठवा.

टाटाच्या 697 इंजिनाच्या, मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांना हा सल्ला जवळपास प्रत्येक पायरीवर चुकीचा आहे. त्याचा भुर्दंड पडतो एका गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाला, तोही उचल फेडायच्या दिवसांत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा मुद्दा: पंप गेला. डिझेलचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. टाकीतला सक्शन पाइप, तिथून मोठ्या पंपाच्या (सल्ल्यातला डिझेल पंप तो हाच) अंगाला लागलेला छोटा फीड पंप, मग फिल्टर, मग मोठा पंप, मग नोझल. टाकी ते फीड पंप या टप्प्यात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. तिथे पाइपला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. 'कुठे गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे' असं म्हणणारा नेमका इथे फसतो. या टप्प्यातली खराबी बहुतेक वेळा कोरडी असते.

त्या हवेनं गाडी का अडते? साधं नोझल साधारण 200 बार दाबाला उघडतं. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. पंपाचा एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा छोटा दट्ट्या, वर येतो, पाइपातला बुडबुडा आकसतो, एलिमेंट खाली जातो, बुडबुडा पुन्हा फुगतो. दाब काही त्या आकड्यापर्यंत चढत नाही आणि नोझल बंदच राहतं. पंप ठणठणीत असूनही इंजिनात थेंब जात नाही.

चार-पाच महिने उभ्या गाडीत हे व्हायला फार काही लागत नाही. रबरी पाइप क्लिपखाली तडकतो. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर पुन्हा पुन्हा वापरून कडक झालेले असतात. लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि त्याची जागा हवा घेते.

याची परीक्षा स्वस्त आहे. फीड पंपाकडे येणारा टाकीचा पाइप सोडवा. त्या जागी एक धड, शक्यतो पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. आता फीड पंपावरचा हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा दट्ट्या) फिरवून मोकळा करा आणि फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करून मारायला लागा. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिसळून, आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. प्रायमर थांबवून आवळला की हवा परत आत. मोठ्या पंपावरच्या स्क्रूलाही हेच करा आणि प्रायमर पुन्हा घट्ट बसवा. आता कॅनवर गाडी धरली आणि टाकीवर धरत नसेल, तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे. पंपाला हात लावायचं कारण उरलं नाही.

कॅनवर असतानाही फिल्टरच्या स्क्रूतून धार येत नसेल तर फीड पंपाच्या तोंडाची बारीक जाळी आणि त्याचे दोन छोटे व्हॉल्व्ह काढून बघा. कचऱ्याचा एक कण अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला तरी डिझेल पुढे सरकत नाही. हे काम जागेवर होतं.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणीतरी बघायला हवं. धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही; मग बॅटऱ्या, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन, टायमिंग यांकडे वळायचं. एवढी साधी गोष्ट त्या सल्ल्यात कुठेच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि पाना उचलण्याआधी पंपावरची स्टॉपची (इंजिन बंद करायची) लिव्हर हातानं हलवून बघा. वायर गंजून अडकली की लिव्हर बंद स्थितीतच राहते आणि पंप डिझेल सोडत नाही.

दुसरा मुद्दा, पेट्रोलचा बोळा. गाडी भडकली तर एवढंच कळतं की इंजिनात कॉम्प्रेशन आहे आणि डिझेल येत नाही. ते का येत नाही, याचं उत्तर त्यात नाही. हवा, तुंबलेला फिल्टर, अडकलेली स्टॉप वायर, या सगळ्यांचा निकाल हुबेहूब तोच. शिवाय डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोचायच्या आधीच, वेळेचा काही हिशेब न ठेवता पेटू शकते. रिंगा मोडतात, पिस्टनला मार बसतो. बोळा हातात धरलेल्या क्लीनरच्या पोराचा विचार तर कुणी केलेलाच दिसत नाही.

नट ढिले करण्यात तथ्य आहे, पण क्रम उलटा सांगितलाय. आधी फिल्टर आणि पंपाची हवा काढा, मग दोन-तीन नोझलचे नट ढिले करून थोडा वेळ सेल्फ. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. मागून हवा येतच असेल तर सेल्फ जळेपर्यंत फिरवूनही ती संपणार नाही. आणि हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपासाठी. कॉमन रेल गाडीचे (नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) हाय प्रेशर पाइप असे सोडायचे नाहीत. तिथली धार कातडी फोडून आत घुसते.

रॉकेलनं पंप साफ होत नाही. एलिमेंटला वंगण मिळतं ते डिझेलचंच, आणि रॉकेल त्याहून पातळ. आधीच झिजलेला पंप त्यानं आणखी झिजतो.

पंप खरोखर जातो का? जातो. टाकीत पाणी साचून ते पंपात उतरलं असेल तर एलिमेंट किंवा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) गंजून जाम होतो. ज्या पंपाला बाजूला झाकण असतं, तिथे ते उघडून सेल्फ मारला की एलिमेंट वर-खाली होताना दिसतात, आणि रॅक बोटानं सरकतो की नाही तेही कळतं. फिल्टरपर्यंत सलग धार आहे, स्टॉप लिव्हर मोकळी आहे, पंपाची हवा निघालीय, आणि तरी एकाही नोझलच्या नटाशी डिझेल उसळत नाही, तेव्हा पंप उतरवा. पंपवाल्याकडे देताना या चारही गोष्टी तपासल्याचं सांगा आणि टाकीच्या तळाचं डिझेल एका बाटलीत घालून सोबत न्या. पाणी निघालं तर टाकी धुतल्याशिवाय दुरुस्त पंप परत चढवू नका.