ते वाक्य तॉकव्हिल यांचं नाही

‘अमेरिकेच्या थोरवीचं गुपित मला तिथल्या चर्चमध्ये सापडलं, चांगुलपणा संपला की तिची थोरवीही संपेल,’ हे वाक्य फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तॉकव्हिल यांच्या नावाने एका मेसेजमधून फिरतंय. अमेरिकेवरच्या त्यांच्या दोन भागांच्या ग्रंथात (१८३५, १८४०) ते कुठेही नाही. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवर यांनी १९५२च्या निवडणूक प्रचारात आणि नंतर अध्यक्ष रेगन यांनीही ते वापरलं, तरी ते खरं ठरत नाही.

धर्माचं महत्त्व तॉकव्हिल मानतच होते. पण १८३१च्या अमेरिकेच्या प्रवासात भेटलेल्या धर्मगुरूंनी, त्यात कॅथलिकही आले, धर्माच्या तिथल्या शांत प्रभावाचं मुख्य कारण सांगितलं ते चर्च आणि राज्यसत्ता वेगळ्या असण्याचं. एक ख्रिस्ती म्हणून मला हा खरा मजकूर कितीतरी मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच या मेसेजमधून गळलाय.